मायडीचं ड्यू

सांगलीत माझ्या भावाचं हळदीचं दुकान आहे. ‘ड्यू’ हा शब्द मी पहिल्यांदा त्याच्या गादीवर ऐकला. एखाद्या गिऱ्हाइकाचं नाव निघालं की तो नाक मुरडून म्हणायचा, ‘त्याचं अजून ड्यू आहे,’ म्हणजे उधारी फिटायची आहे. पुढे मी नर्स झाले आणि हाच शब्द निवृत्त होईपर्यंत माझ्या तोंडी राहिला. फरक एवढाच, की भावाचं ड्यू फिटलं की त्याला आनंद होतो आणि माझं ड्यू फिटलं की समोरचं गिऱ्हाईक भोकाड पसरतं.

मी उंब्रजच्या बाजूला एका उपकेंद्रावर होते. उपकेंद्र म्हणजे सरकारी दवाखान्याचं शेंडेफळ. दोन खोल्या, एक खाट, वजनकाटा आणि आजूबाजूची चार-पाच गावं. डॉक्टर तिथे बसत नाहीत. नर्स, तिच्या हाताखालच्या आशाताई आणि लशीचा निळा डबा, एवढाच संसार.

लस प्रत्येक वयाची वेगळी असते. काही जन्मताच, काही दीड महिन्याला, गोवराची नऊ महिने पुरे झाले की, आणि दीड वर्षाला पुन्हा. ज्या बाळाची वेळ झाली आणि लस अजून दिली नाही, ते बाळ ड्यू. सरकार कागदावर ‘प्रलंबित लाभार्थी’ असं काहीतरी लिहितं, पण रांगणाऱ्या पोराला लाभार्थी म्हणायला माझी जीभ कधी वळली नाही. आम्ही सगळ्या ड्यूच म्हणायचो आणि हळूहळू गावही म्हणायला लागलं. किराणा घ्यायला गेले तरी दुकानदाराची आई आतून ओरडायची, ‘बाई, आमचं पिंट्या कवा ड्यू हाय?’

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक आजी अमावस्येला टोचू द्यायची नाही. सरकारने नेमका तोच दिवस ठरवला की नातवाला घेऊन उसात जाऊन बसायची. पुण्याहून आलेले एक जावई लशीचं तापमान विचारायचे, बाटलीचा फोटो काढायचे आणि सुई बाहेर आली की स्वतःच अंगणात पळायचे. मग पोराला धरायला सासूला हाक मारावी लागायची.

पण माझं सगळ्यात कटकटीचं गिऱ्हाईक म्हणजे फौजी आजोबा. सैन्यातून निवृत्त झालेले, मिशा अजून ड्यूटीवर. लसीकरणाच्या दिवशी मी कुलूप उघडायच्या आधी नातवाला घेऊन पायरीवर हजर. एकदा पोलिओची लस वरूनच आली नव्हती. मी म्हटलं, ‘आजोबा, पुढच्या वेळी या. ड्यू राहू दे.’

ते ताडकन उभे राहिले. ‘ड्यू राहू दे? कुनाचं ड्यू? माझ्या नातवानं तुमचं काय घेतलंया? ड्यू तुमच्याकडं हाय, सिस्टर. सरकार देनं लागतंय त्याला. आनि आमी वसूल करनार!’

मी हसून वेळ मारून नेली. आशाताई सविता तर पदर तोंडाला लावून आत पळाली. त्या वेळी मला वाटलं, म्हाताऱ्याची हुकूम सोडायची सवय गेली नाही. पुढे एका थंडीत हे बोलणं मला परत आठवलं.

त्या वर्षी ऊसतोडीच्या टोळ्या नुकत्याच उतरल्या होत्या. नदीकडच्या रस्त्याला त्यांची खोपटी पडली होती आणि त्यात गोवर निघाला. आम्हाला कळेपर्यंत बरीच पोरं अंगभर पुरळ घेऊन पडली होती. त्यातल्या एका मुलाची छाती भरली. आम्ही गाडी करून कराडला पाठवलं, पण तो वाचला नाही. तीन वर्षांचासुद्धा नव्हता. त्याला लस कुठे द्यायला हवी होती, म्हणून मी शोध घेतला. त्याच्या गावात तो ‘बाहेरगावी गेलेला’ होता आणि आमच्याकडे ‘बाहेरून आलेला’. दोन्हीकडच्या लोकांनी आपापल्या परीने बरोबर लिहिलं होतं आणि पोर मधल्यामध्ये गेलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यानंतर डॉक्टरांनी सांगितलं, हद्दीत जे मूल दिसेल ते आपलं. मी आणि सविता शोधायला निघालो. खोपटी, वीटभट्ट्या, रस्त्याच्या कामावरचे लोक सापडणं सोपं असतं, ते एका जागी असतात. अवघड असतात मेंढपाळ. आटपाडी-माण भागातली धनगर कुटुंबं दसरा झाला की मेंढरं घेऊन आमच्या बागायती भागात उतरतात. शेतकरी रिकाम्या रानात मेंढरं बसवून घेतात. रात्रभर मेंढरं बसली की लेंडीखत मिळतं आणि त्याबद्दल शेतकरी मेंढपाळाला रात्रीच्या हिशेबाने धान्य देतो. किती रात्री बसायचं याची बोली आधी होते. बोली संपली की तळ हलला. आज या शिवारात, परवा कुठे ते त्यांच्या घोड्यांनाच ठाऊक. फोन असतो, पण तो बहुतेक वेळा कुणाच्या तरी विहिरीवरच्या मोटारघरात चार्जिंगला लावलेला असतो.

त्यांना शोधायची माझी एक युक्ती होती. धान्य मिळालं की ते दळावं लागतं. म्हणून मी सरळ गिरणीत जायचे.

गिरणीवाला म्हणाला, ‘काल आल्ती की एक बाई. आप्पांच्या रानात तळ हाय म्हनत हुती. पाठीला तान्हं पोर बांधल्यालं.’

आप्पा म्हणजे तिथले जुने बागायतदार. त्यांचं रान नदीच्या वाटेला. मी डबा मांडीवर देऊन सविताला स्कूटीच्या मागे बसवलं आणि निघाले.

तळ बांधालगत होता. मेंढरं चरायला गेली होती. वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची दोरीची जाळी, खुंट्यांना गुंडाळून ठेवली होती. दोन घोडी, कोंबड्यांची डालगी आणि चुलीपाशी एक तरुण बाई. तिचं नाव हौसा. पोरीचं नाव मायाक्का, हाक मारायची मायडी. दहा महिन्यांची, डोळ्यांत काजळ, कपाळभर भंडारा, आणि माझ्या हातातल्या डब्याकडे बघून इतकी गोड हसली, की मला तिची कीव आली.

‘कार्ड आहे का गं?’ मी विचारलं.

हौसाने गाठोड्यातून देवाच्या भंडाऱ्याची पिशवी काढली. त्यातच कार्ड ठेवलेलं, हळदीने पिवळं झालेलं. पोर गेल्या हिवाळ्यात वाटेतच जन्मली होती. पावसाळ्यात गावी परतल्यावर दोन डोस झाले होते. तिसरा राहिला आणि तळ निघाला. म्हणजे तिसरा डोस ड्यू आणि गोवराचीही लस ड्यू. दोन्ही एकदम देता येतात. मी हौसाला खोपट्यांतल्या गोवराचं सांगितलं. ती लगेच पोरीचे कपडे सोडायला लागली.

‘थांब,’ मागून आवाज आला. तिचे सासरे, म्हाकूआबा. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. त्यांनी घोंगडं पसरून आम्हाला बसायला सांगितलं आणि शांतपणे विचारलं, ‘बाई, आज टोचलं की रातच्याला पोर तापनार. खरं का न्हाई?’

‘खरं आहे, आबा. एक-दोन दिवस ताप येईल, मांडी दुखेल. मी औषध देते.’

‘आन् उद्या दिस उगवायला आमचा तळ हलनार. तापल्यालं पोर घोड्यावर बांधून न्यायचं व्हय? आवं, मेंढराला लस दिली तर त्यास्नी आमी दोन-चार दीस लांब चालवत न्हाई. ही तर नात हाय माजी.’

नकार देणाऱ्यांसाठी आमच्याकडे पाठ केलेलं भाषण असतं. लशीने अपंगत्व येत नाही, देवीचा कोप होत नाही, वगैरे. त्याचा इथे काही उपयोग नव्हता. कारण या माणसाचं लशीशी काहीच वाकडं नव्हतं. त्याला फक्त दोन दिवस मुक्काम हवा होता, आणि तो त्याच्या हातात नव्हता.

‘पुढचा तळ कुठे?’

‘नदीच्या अंगाला. त्या खोपट्यांवरनंच वाट हाय.’

सविताने माझ्याकडे बघितलं. पोरीला लस न देता सोडावं तर उद्या ती गोवराच्या दारावरून जाणार. नुसतं जाणार नाही, पाणी प्यायला, सरपणाला, बायका तिथे थांबणारच.

‘आबा, आणखी दोन रात्री इथेच थांबा ना.’

‘रान आमचं हाय का? आप्पाची बोली आजच्या राती सपती. उद्या त्यांच्या पान्याची पाळी हाय.’

मग मी आप्पांकडे गेले. ते गोठ्यासमोर बसले होते, मांडीवर नात. ही नात माझीच, म्हणजे माझ्या यादीतली, सहा महिन्यांची. मी सगळं सांगितलं. आप्पांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

‘सिस्टर, पान्याची पाळी चुकली तर परत कवा मिळंल सांगता येत न्हाई. उसाची लागन करायची हाय. पोर आजारी हाय का? न्हाई. मग जाऊ दे की. फुडं कुनीतरी टोचंल.’

माझा पारा चढला. पण सरकारी नोकरीत पारा थर्मामीटरमध्येच ठेवायचा असतो. मी त्यांच्या मांडीवरच्या पोरीकडे बोट दाखवलं.

‘आप्पा, हिला गोवराची लस कधी?’

‘तुमीच सांगितलंय न्हवं, नऊ म्हैनं झाल्यावर.’

‘म्हणजे आज मी हिला देऊ शकत नाही. ही अजून ड्यू नाही. मग तोवर हिला कोण राखणार? आजूबाजूच्या पोरांना लस झाली असेल तर गोवर हिच्यापर्यंत पोचत नाही. नाहीतर पोचतो. हौसा तुमच्या विहिरीवर पाणी भरते. तुमची सून धुणं धुते तेव्हा ही बया कुणाच्या कडेवर असते?’

आतून सून म्हणाली, ‘हौसाच्याच कडंवर असती. मायडीसंगं खेळती.’

आप्पांनी नातीचं टोपडं नीट केलं. बराच वेळ नीटच करत बसले. मग म्हणाले, ‘पानी तर सोडावंच लागनार. पर ह्यांची बिऱ्हाडं बांधावर हायती, ती राहू द्यात. मेंढरं तेवढी पल्याडच्या रानात बसली तर जमंल.’

‘मग बसू द्या की. कुणाचं आहे रान?’

‘रामाचं.’

रामभाऊ म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. वाटणीत बांध एका बाजूला सरकला की नाही, यावरून दोघांचं बोलणं बंद होतं. कधीपासून, ते विचारायची गावात कुणाची प्राज्ञा नव्हती. त्यांच्या रानांना एक विचित्र नियम लागू झाला होता. एकाच्या रानात मेंढरं बसली की दुसरा ती आपल्या बांधावर चढू द्यायचा नाही. मेंढपाळांनाही ते ठाऊक होतं, म्हणून म्हाकूआबांनी ते नावच काढलं नव्हतं.

मी रामभाऊंकडे गेले. ते त्यांच्या रिकाम्या रानात पाचट गोळा करत होते. आप्पाही आले, पण बांधाच्या अलीकडेच उभे राहिले. मी मधोमध बांधावर.

‘रामभाऊ, म्हाकूआबांची मेंढरं दोन रात्री तुमच्या रानात बसू द्याल का?’

‘बाई, ह्ये तुमी इचारताय का त्यो इचारतोय?’ रामभाऊंनी हनुवटीने भावाकडे इशारा केला. भाऊ हाकेच्या काय, खोकल्याच्या अंतरावर होता.

‘सिस्टर, त्याला म्हनावं, कामाचं बोल,’ आप्पा म्हणाले.

‘बाई, त्याला म्हनावं, तोंड हाय न्हवं? इचार म्हनावं तोंडानं.’

मी निरोप्यासारखी एकदा इकडे, एकदा तिकडे मान फिरवत होते. निरोप सांगायची गरज नव्हती, सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं. डब्यातला बर्फ वितळत होता. मला एकदम सगळ्याचाच कंटाळा आला. मी डबा बांधावर ठेवला, त्यावर बसले आणि म्हटलं, ‘मी आता कुणाचाच निरोप सांगणार नाही. त्या टोळीत एक पोर गेलं, त्याच्या आईला मी काय सांगायचं ते मला सुचलं नव्हतं. आज पुन्हा तसंच व्हायचं असेल तर होऊ द्या.’

हे मी ठरवून बोलले नव्हते. सविता माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

आप्पांनी पायातल्या चपलेकडे बघत विचारलं, ‘रामा, बसवतोस का मेंढरं?’

रामभाऊंनी पाचटाचा भारा खाली ठेवला. ‘रातीला काय घेतोय म्हाकूआबा?’

‘तुला म्हाईत हाय की.’

‘बसव मग.’

झालं. एवढ्यासाठी दोन्ही घरच्या लग्नांत एकमेकांची ताटं रिकामी राहिली होती. दोघांनी गळाभेट वगैरे काही घेतली नाही. रामभाऊ परत पाचट गोळा करायला लागले आणि आप्पा पाण्याचं बघायला गेले. पुढे त्यांचं बोलणं फार वाढलंही नाही. कामापुरतं बोलतात, पण बोलतात.

मी तळावर जाऊन गोवराची बाटली फोडली. ही लस पूड असते, पाण्यात मिसळली की चार तासांत संपवावी लागते. एका पोरासाठी फोडली की बाकीची टाकून द्यायची, आणि महिन्याच्या मीटिंगला ‘वाया का गेली’ याचं उत्तर द्यायचं. मी मनातल्या मनात उत्तर तयार केलं, ‘वाया गेली नाही.’ मायडीला एक सुई मांडीत, एक दंडात. ती आधी माझ्याकडे अविश्वासाने बघत राहिली आणि मग तिने असा टाहो फोडला, की घोडीने कान टवकारले. आबांनी तिच्या कपाळाला भंडारा लावला. मीही डोकं पुढे केलं, मलाही लावला.

लस दिल्यावर अर्धा तास थांबायचं असतं. सूर्य कलला होता आणि सूर्यास्ताआधी जेवायचं ही आम्हा जैनांच्या घरची सवय, म्हणून मी तिथेच जेवणाचा डबा उघडला. हौसाने ताकाचा तांब्या पुढे केला. जेवता जेवता मी तिला समजावलं.

‘पोरगी दीड वर्षाची झाली की पुढच्या लशी. तेव्हा तुम्ही गावी असाल, पण तिसऱ्या डोससारखी तीही राहून गेली आणि तळ निघाला, तर थांबू नको. जिथे असशील तिथल्या उपकेंद्रावर जा. नुसतं लस द्या म्हणालीस, तर आमच्यातल्या काही जणी हद्द विचारत बसतात. तू म्हणायचं, माझ्या पोरीचं ड्यू आहे.’

‘ड्यू मंजी काय?’

मला फौजी आजोबा आठवले. ‘म्हणजे आम्ही तुझ्या पोरीचं देणं लागतो. ते मागायला लाजायचं नाही.’

ती हसली. तिला ते खरं वाटलं नसावं. सरकार आपलं काही देणं लागतं, हे तिला पहिल्यांदाच कुणी सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा मायडीचा ताप उतरला होता आणि तळ आवरून निघत होता. या वेळी आबा लांबच्या वाटेने, खोपटी टाळून गेले. आप्पांच्या घरी गोवर आला नाही. नात नऊ महिन्यांची झाली त्या आठवड्यात आप्पा स्वतः तिला घेऊन आले.

पुढच्या हिवाळ्यात माझी नोकरी संपत आली. चार्ज द्यायचे दिवस होते. नवी सिस्टर हुशार, चटपटीत, सगळं मोबाईलमध्ये बघणारी. लसीकरणाचा दिवस तिनेच घ्यायचा आणि मी आत बसून कपाटातलं सामान मोजायचं, असं आम्ही ठरवलं होतं. बाहेरची गर्दी ओसरल्यावर ओळखीचा आवाज आला.

‘बाई, माज्या पोरीचं ड्यू हाय.’

मी हातातली गॉजची बंडलं तशीच धरून थांबले.

‘नाव दिसत नाहीये इथे,’ नवी सिस्टर म्हणाली. ‘तुम्ही आमच्या हद्दीतल्या आहात का?’

‘हद्द म्हाईत न्हाई. गावाकडं राहून गेलं, ड्यू हाय. ह्ये कार्ड बगा.’

‘अहो, पण एकीसाठी बाटली फोडायची म्हणजे... आणि ही लस दिली की ताप येतो. तुमचा तर उद्या मुक्काम हलेल. मग पोरीचे हाल होतील. गावी गेल्यावर घ्या ना.’

खुर्ची सरकवून बाहेर जावं, असं मला फार वाटलं. पण मी हलले नाही. उद्यापासून ही खुर्ची माझी नव्हती, आणि हौसालाही आयुष्यभर मी मिळणार नव्हते.

‘मुक्काम न्हाई हलत,’ हौसा ठामपणे म्हणाली. ‘आबांनी औंदा बोली करतानाच आप्पांकडनं दोन राती जादा मागून घेतल्यात. रामभाऊंच्याबी रानात. नातीचं ड्यू हाय म्हनून. तुमी फोडा बाटली, आमी थांबतो.’

बाहेर निळ्या डब्याचं झाकण वाजलं. मग लशीत मिसळायच्या पाण्याची काचेची कुपी फोडल्याचा बारीक आवाज आला. तो आवाज मी नोकरीभर ऐकला, पण त्या दिवशी तो ऐकून मला रडू आलं. बाहेर जाऊन हौसाला भेटायचं होतं, पण आधी डोळे पुसणं भाग होतं, आणि हातात गॉज होतंच. तेवढ्यात बाहेर मायडीने भोकाड पसरलं.